वहिनींच्या बोलण्याचा महिना

वहिनींना महिनाभर पोटभर बोलू द्यायचं, एवढंच तक्रारभाऊंनी ठरवलं होतं. यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. भाऊंनाही तसंच वाटलं. पण साध्या माणसाने साधीशी गोष्ट मनावर घेतली की नातेवाईक, शेजारी आणि कचेऱ्या कंबर कसून तिच्या मागे लागतात, हे त्यांना इतकी वर्षं नोकरी करूनही उमगलं नव्हतं.

तक्रारभाऊ हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे ते बसत, म्हणून ते नाव पडलं. रांग कायम दरवाजाबाहेर गेलेली. तेव्हा भाऊंनी कामाची आपली एक रीत बसवली होती. समोरच्याचं वाक्य निम्म्यावर आलं की ते अलगद उचलायचं, त्याला शेपूट जोडायचं आणि माणूस पुढे पाठवायचा.

“अहो, आमच्याकडे सकाळी पाणी...”

“येत नाही. बरोबर?”

“येतं हो, पण ते जरा...”

“गढूळ. बरोबर? उद्या माणूस येईल. पुढचे!”

बहुतेक वेळा शेपूट बरोबर लागे, हे मान्य केलंच पाहिजे. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी मात्र भाऊंनी नळ दुरुस्तीला माणसं पाठवली, त्यांनी अंगणात हा एवढा खड्डा खणला, आणि शेवटी कळलं की ते बिचारे आदल्या दिवशी विसरलेली छत्री न्यायला आले होते. पण असं क्वचित.

ही रीत कचेरीतच राहिली असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. ती संध्याकाळी भाऊंबरोबर घरी यायची आणि चपलाही न काढता आत शिरायची.

“अहो, आज ना मला...” त्यांची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, म्हणत.

“डोकं दुखतंय. गोळी घे आणि पड जरा.”

वहिनी पडत. डोकं दुखत नसलं तरी पडायला कुणाची हरकत असते? त्या मूळच्याच मवाळ. सकाळी देवापुढे हात जोडून जेवढं बोलायच्या तेवढंच काय ते सलग बोलणं. देव मध्ये तोंड घालत नाही, म्हणून ते तरी पुरं व्हायचं. बाकी दिवसभर वाक्य त्यांनी सुरू करायचं आणि भाऊंनी संपवायचं. “आमच्यात एक वाक्य दोघांना पुरतं,” असं भाऊ चारचौघांत सांगायचे. कौतुकाने सांगायचे, हे जास्त वाईट.

वहिनींचा घसा बसला आणि बसलाच. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या घशाच्या डॉक्टरीणबाईंसमोर दोघं जाऊन बसले. बाईंनी सगळे कागद पाहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “गाठ काढावीच लागेल. ती आवाजाच्या पेटीला इतकी चिकटलेली आहे की पेटी...”

“वाचेल,” भाऊ म्हणाले. “बरोबर?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “मी तसं म्हणणार नव्हते.”

खिडकीमागच्या एवढ्या वर्षांत कुणी भाऊंना त्यांचं शेपूट असं परत केलं नव्हतं. ते त्यांच्या हातातच राहिलं, आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना.

वहिनींची साखर फार वाढलेली होती. ती खाली आल्याशिवाय सुरी लावता येणार नव्हती, आणि त्याला महिनाभर तरी लागणार होता. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तोवर बोललं तर चालेल?”

“बोला की! खुशाल बोला. फक्त ओरडू नका.”

“नाही हो. तशी सवय नाही,” वहिनी म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये वहिनींनी भाऊंकडून शब्द घेतला: कुणाला काही सांगायचं नाही. “सांगितलं की सगळे येऊन रडतात. मग मलाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं. होता नव्हता तो आवाज त्यातच जायचा.”

भाऊंनी मान हलवली. खिडकीबाहेर बघत त्यांनी हिशेब मांडला. आयुष्यभर आपण हिचं बोलणं तोडत आलो. आता महिना हातात आहे. हिला हिच्या बहिणीकडे न्यायचं, धाकट्याकडे न्यायचं, हिच्या मैत्रिणींबरोबर कुठेतरी सहलीला जायचं. चार माणसांत बसून जेवू दे, हसू दे, आणि मुख्य म्हणजे बोलू दे. जे काय मनात साठलं असेल ते सगळं बोलून होऊ दे.

पहिलं विघ्न रजेचं. भाऊंनी आजवर सलग रजा अशी घेतलीच नव्हती. मुख्य कारकुनांनी अर्ज उलटापालटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला खरं कारण सापडेल.

“कारण काय लिहू?”

“घरगुती.”

“घरगुती म्हणजे लग्न, आजारपण की मयत? यातलं एक हवं.”

“यातलं काही नाही. बायकोबरोबर फिरायला जायचंय. नातेवाइकांकडे जेवायला.”

मुख्य कारकुनांनी पेन खाली ठेवलं. “महिनाभर जेवायला?” त्यांनी आवाज एकदम हळू केला. “काय झालंय तुम्हाला? मला सांगा. मी कुणाला सांगणार नाही.”

मुख्य कारकुनांनी शब्द पाळला. त्यांनी फक्त आपल्या बायकोला सांगितलं. तिचा भाऊ म्हणजे आपल्या भाऊंच्या खाली तळमजल्यावर राहणारे कंपाउंडरकाका. काकांनी हयातभर दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या, आणि आता त्या रिकाम्या झालेल्या हातांनी ते शेजाऱ्यांची निदानं करत. भाऊ दोन बॅगा घेऊन जिना उतरताना दिसले तसे काकांनी त्यांना पायरीवरच गाठलं, खालची पापणी ओढून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाले, “हं.”

या ‘हं’ने पुढचा घात केला. भाऊ आणि वहिनी स्टँडवर पोहोचायच्या आत ते ‘हं’ फोनवरून दोघांच्याही नात्यागोत्यात पोहोचलं होतं. भाऊ आता काही फार दिवसांचे सोबती नाहीत. सगळ्यांना शेवटचं भेटून घेताहेत. त्यांना स्वतःला माहीत आहे, पण बोलून दाखवत नाहीत. तेव्हा आपणही दाखवायचं नाही.

वहिनींची थोरली बहीण, म्हणजे ताई, दारातच उभी होती. वहिनींनी पायरीवर पाय ठेवला, “ताई, तुला म्हणून सांगते...” एवढं म्हणाल्या, तर ताईने त्यांना घट्ट कवटाळलं.

“काही बोलू नकोस! एक शब्द बोलू नकोस! मला सगळं कळलंय.”

वहिनींनी मान वळवून भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मी नाही सांगितलं अशी मान हलवली. ती मान ताईला दिसली. “बघा, मान कशी थरथरते,” ती म्हणाली.

घरातली चांगली खुर्ची भाऊंना मिळाली. पाठीला उशी आली, पायाखाली पाट आला, एवढ्या उकाड्यात खांद्यावर शालही आली. नक्की काय प्रकार आहे हे भाऊंच्या ध्यानात येईपर्यंत जेवणाची वेळ झाली. भाऊंच्या ताटात पातळ, पांढरं, मीठ नसलेलं काहीतरी पडलं. वहिनींच्या पुढ्यात मात्र गोडाची ही मोठी वाटी. “खा पोटभर. आता सगळा भार तुझ्यावर. अंगात ताकद नको?”

इथे भाऊंची खरी पंचाईत झाली. खरं सांगावं तर वहिनींना दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर साखर वाढते. साखर वाढली तर ऑपरेशन पुढे जातं, आणि गाठ काही तोवर थांबणार नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ताईची पाठ फिरताच वहिनींची वाटी उचलून तोंडाला लावली.

ताई वळली ती नेमकी तेव्हाच. तिचे डोळे भरून आले. “होतं हो असं,” ती वहिनींच्या कानाशी म्हणाली. “शेवटी शेवटी जीभ फार मागते. खाऊ देत त्यांना.”

वहिनींना ठसका लागला. हसण्याचा की कसला, ते भाऊंना कळलं नाही. कारण ताई लगेच म्हणाली, “रडू नकोस. बोलू नकोस. पाणी पी.”

ताईकडे राहिले ते सगळे दिवस असेच. ताई बोलायची, ताईचे यजमान बोलायचे, भेटायला आलेले शेजारी बोलायचे, आणि वहिनींनी ओठ हलवले की कुणीतरी त्यांचा हात दाबायचं. भाऊंनी एकदा धीर करून म्हटलं, “अहो ताई, तिला जरा बोलू द्या.” तर ताई पदराने डोळे पुसत म्हणाली, “किती जपता हो तिला! आता स्वतःकडे बघा.”

तिथून दोघं भाऊंच्या धाकट्या भावाकडे गेले. हा धाकटा अंगाने थोराड आणि मनाने लोणी. भाऊंना पाहिल्याबरोबर त्याने त्यांचे पाय धरले आणि लहानपणी भोवरा चोरल्याचं कबूल केलं. भाऊंना भोवरा मुळीच आठवत नव्हता, पण धाकटा माफ केलंय असं ऐकल्याशिवाय पाय सोडेना, म्हणून त्यांनी माफ केलं. मग धाकट्याने नाक शिंकरून विचारलं, “दादा, काही इच्छा असेल तर सांग. काहीही सांग.”

“खरंच एक आहे,” भाऊ म्हणाले. “तुझ्या वहिनीला बोलू दे. कुणी मध्ये बोलू नका. एवढंच कर.”

धाकट्याने ती आज्ञाच मानली. रात्रीच्या पंगतीत घरची सगळी गोळा केली, वहिनींना मधोमध बसवलं, चमचे खाली ठेवायला सांगितले, पंखासुद्धा घरघरतो म्हणून बंद केला. “बोला वहिनी,” तो म्हणाला.

सगळ्यांचे डोळे वहिनींवर. कुणी घास चावेना. घामाच्या धारा लागल्या. वहिनींनी एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा ताटाकडे पाहिलं, आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, “भाजी छान झालीय.”

धाकटी जाऊ हुंदका देऊन उठून आत गेली. “किती मोठं मन,” धाकटा म्हणाला. “अशा वेळीसुद्धा भाजीला चांगलं म्हणते.”

त्या रात्रीनंतर भाऊंचा धीर सुटत चालला. महिना निम्म्याच्या वर उलटला होता. वहिनींची साखर मात्र उतरत होती, आणि भाऊंची, त्यांच्या वाटणीच्या वाट्या रिचवून, चढत असावी. ज्याच्यासाठी घरातून निघालो ते मात्र कणभरही झालेलं नाही. राहिल्या होत्या मैत्रिणी.

लग्नानंतरची काही वर्षं वहिनी मुलांच्या वाचनालयात संध्याकाळी गोष्टी वाचून दाखवायला जात. तिथल्या ग्रंथपालबाई आणि भिंतींवर चित्रं काढणारी एक सडपातळ बाई, जिला सगळे चित्रवाली म्हणत, या दोघी त्यांच्या जिवाभावाच्या. या दोघींना नात्यागोत्यातल्या बातम्या पोहोचत नसत, हे भाऊंना फार मोलाचं वाटलं. गावाबाहेरच्या तळ्यावर यंत्राच्या होडीतून फिरायचं ठरलं. काठावरच्या काउंटरवर सगळ्यांचे फोन काढून घेऊन कपाटात ठेवले. फोन पाण्यात पडतात आणि मग लोक नुकसानभरपाई मागतात, असा नियम होता. भाऊ स्वतः नियमांतलेच. त्यांनी आपला फोन सगळ्यांच्या आधी दिला.

होडी मध्यावर आली. ऊन कोवळं होतं. वहिनी खरंच हसत होत्या. चित्रवालीने जुन्या मुलांच्या नकला केल्या: गोष्टीतल्या राक्षसाला घाबरून टेबलाखाली बसलेला एक, राक्षसाच्याच बाजूने भांडणारी एक. ग्रंथपालबाई हसता हसता थांबल्या.

“तुझ्यासारखं वाचणारं नंतर कुणी आलं नाही गं. तू तेव्हा सोडायला नको होतीस. तुला कायम करायचं पक्कं झालं होतं. आदल्या दिवशी मी तुला सांगितलं, नाचतच घरी गेलीस. आणि दुसऱ्या दिवशी हे येऊन सांगतात, ती सोडतेय म्हणून.”

“अहो, तिलाच ते...” भाऊ म्हणाले आणि थांबले. वाक्याला जोडायला पुढे काही सापडेना. त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

वहिनी पाण्याकडे बघत होत्या. “असू दे गं,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात होडीचं यंत्र खोकलं आणि बंद पडलं.

होडीवाल्याने दोरी ओढली, यंत्राला शिव्या दिल्या, लाडीगोडी लावली, मग विडी काढून बसला. वाऱ्याने होडी पलीकडच्या लव्हाळ्यांत जाऊन रुतली. वल्हं होतं, पण ते काठावर, छपराला टेकू म्हणून लावलेलं. काठावर माणसं मुंगीएवढी दिसत होती. “आवाज द्यावा लागेल,” होडीवाला म्हणाला. “माझा नाही पोचत. छाती भरते.”

वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्या हाक मारायला तोंड उघडणार, तोच भाऊंनी त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. “तू नाही,” ते म्हणाले. “मी ओरडतो.”

आणि ते ओरडले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांना शेपटं लावलेली. स्वतःचं असं वाक्य त्यांना सुचेना. “अहो! इकडे! अहो!” एवढंच ते पुन्हा पुन्हा ओरडत राहिले. काठावरच्या एका सज्जनाने टोपी काढून उलट नमस्कार केला. भाऊ आणखी जोरात ओरडले. त्या सज्जनाने मुलाबाळांना बोलावून आणलं आणि सगळ्यांनी मिळून हात हलवले. ऊन कलेपर्यंत भाऊ ओरडत होते. मैत्रिणींनी थोडी साथ दिली, पण त्या दमल्या. भाऊ थांबले नाहीत. ते नुसतं मदतीसाठी ओरडत होते की आणखी कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी एक वल्ह्याची होडी रमतगमत आली, आणि तिच्यातल्या माणसाने विचारलं, “काही हवंय का?”

भाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली.

घरी आल्यावर कंपाउंडरकाकांनी विजेरीने त्यांचा घसा पाहिला आणि विजयाने मांडीवर थाप मारली. “बघा! मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. घशाचंच आहे! आता अगदी मौन. एक अक्षर नाही.”

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. भाऊ पाठोपाठ गेले, तर त्या ओट्याला टेकून हसत होत्या. हसता हसता खाली बसल्या, आणि मग ते हसणं राहिलं नाही. भाऊही त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसते बसले.

पुढचे दिवस घरातच गेले. कुठे जाणं नाही, येणं नाही. आणि आता कुठे वहिनी बोलू लागल्या.

सुरुवातीला त्यांना जमेना. सवयीने त्या निम्म्यावर थांबायच्या. “अहो, मी म्हणते, त्या खिडकीला आपण...” आणि वाट बघायच्या. पलीकडून काही यायचं नाही. जिना संपलाय हे न कळून माणूस हवेत एक पाऊल टाकतो ना, तसं त्यांचं व्हायचं. मग जरा वेळाने त्या स्वतःच म्हणायच्या, “...पडदा नको लावायला. समोरचं झाड दिसतं.” आणि आपलंच वाक्य पुरं झालेलं बघून जराशा लाजायच्या.

भाऊंना वाटलं होतं, मोठं मोठं काहीतरी बाहेर येईल. तसलं काही आलं नाही. दूधवाल्याच्या सुनेचं आलं. आपल्याला दोडका मुळीच आवडत नाही आणि इतकी वर्षं आपण तो भाऊंसाठी करतो, हे आलं. (भाऊंनाही दोडका आवडत नव्हता. ते वहिनींसाठी खात होते. आवाज नसल्यामुळे हे सांगायचं राहून गेलं.) देवापुढे आपण कुणाकुणासाठी काय मागतो ते आलं. स्वतःसाठी काय मागतेस, असं भाऊंनी हातानेच विचारलं, तर म्हणाल्या, “ते राहूनच जातं बघा.”

एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी ते सांगितलं. ठरवून नव्हे, हातातल्या टॉवेलइतक्याच सहज.

“त्या संध्याकाळी मी धावतच आले होते. तुम्ही जेवत होतात. मी म्हटलं, अहो, वाचनालयाच्या नोकरीचं मला... तुम्ही म्हणालात, झेपत नाही, बरोबर? दमतेस फार. सोडून दे. मी म्हणणार होते, मला कायम करताहेत.”

भाऊंच्या हातातली घडी तशीच राहिली.

“दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं. तर दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन त्यांना सांगूनच आलात. आणि येताना माझ्यासाठी वेताची खुर्ची आणलीत. आरामाची. रिक्षात मावली नाही म्हणून डोक्यावर घेऊन चालत आलात. घामाने निथळत होतात, आणि तोंडावर इतका आनंद. आता खुर्ची डोक्यावर घेऊन आलेल्या माणसाला काय सांगायचं हो?”

भाऊंनी ओठ हलवले. आवाज आला नाही.

“त्या खुर्चीत बसले की मला रडू यायचं. तुम्हाला वाटायचं पाठ दुखते. म्हणून तुम्ही उशी आणलीत.” वहिनींनी टॉवेल ठेवून उशीचा अभ्रा घेतला. “राग नाही हो माझा. तेव्हा होता. पण सांगायचं होतं. निदान एकदा माझ्या तोंडाने.”

भाऊ त्या दुपारी बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. आवाज असता तर त्यांनी क्षमा मागितली असती, आणि वहिनींनी ‘असू दे’ म्हटलं असतं, आणि विषय पुन्हा एकदा त्यांनीच संपवला असता. ते त्यांना कळलं, आणि घसा बसल्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

मग एके सकाळी दाढी करताना त्यांना स्वतःचं खाकरणं ऐकू आलं. त्यांनी नळ जोरात सोडून हळूच म्हणून पाहिलं, “पुढचे.” अगदी खणखणीत. ते घाबरले. नळ बंद केला, तोंड पुसलं आणि बाहेर येऊन पूर्वीसारखेच मुके बसले. वहिनी चहा देता देता खिडकीतल्या झाडाचं काही सांगत होत्या. त्यांचा आवाज आता जुन्या कापडासारखा विरत चालला होता. एखादं अक्षर मध्येच गळून पडायचं. भाऊ ते गळलेलं अक्षरसुद्धा भरून काढत नसत.

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी वहिनींनी ताईला आणि धाकट्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. पलीकडून रडण्याचे आवाज आले. वहिनींनी त्यांची समजूत काढली. फोन ठेवून त्या भाऊंसमोर येऊन बसल्या.

“तुमचा आवाज आलाय ना?”

भाऊंनी ‘नाही’ अशी मान हलवायचा विचार केला.

“परवा दुधाच्या पातेल्याचा चटका बसला तेव्हा केवढ्याने ओरडलात. मी न्हाणीघरात होते, मला वाटलं कुणी पडलंच.”

“आलाय,” भाऊ म्हणाले.

“मग गप्प का बसलात?”

“म्हटलं, तुझं संपू दे.”

वहिनी हसल्या. “ते कुठे संपतंय हो. एक सांगितलं की त्याच्या मागचं आठवतं.”

“मग सांग,” भाऊ म्हणाले. आणि त्या दिवेलागणीपर्यंत सांगत राहिल्या. दमल्या की थांबत. भाऊ त्या थांबण्यातही थांबत.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या लांबलचक बोळात सगळे जमले. ताई आली ती कपाळ बडवत, “म्हणजे मी तिलाच गोड वाढलं! आणि तिलाच म्हटलं, बोलू नकोस!” धाकट्याच्या हातात एवढा मोठा डबा होता, आणि तो कुणाला द्यायचा हे त्याला कळत नव्हतं. कंपाउंडरकाका म्हणाले, “घसा तर मी बरोबर ओळखला होता. माणूस तेवढा चुकला.”

वहिनींना स्ट्रेचरवर घालून आणलं. हिरवा सदरा, डोक्याला हिरवी टोपी. त्या एखाद्या लहान मुलीसारख्या दिसत होत्या. ताई पुढे झाली, तिला काही बोलवेना. वहिनींनीच तिच्या हातावर थोपटलं. भाऊ स्ट्रेचरच्या कडेने चालत राहिले. आतल्या दाराशी आल्यावर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाने त्यांना थांबायला सांगितलं.

वहिनींनी मान वळवली. “अहो,” त्या म्हणाल्या, “ते आपल्या त्या...”

चाकं उंबऱ्यावरून आत गेली. दार मिटलं. वरचा लाल दिवा लागला.

“काय म्हणाली? काय म्हणाली?” ताई धावत आली.

“ते आपल्या त्या, असं म्हणाली.”

“आपल्या त्या माणसांना सांभाळा, असंच म्हणायचं असणार,” ताई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

“नाही, नाही. आपल्या त्या खिडक्या लावल्या का, असं असेल,” धाकटा म्हणाला. “वहिनींचा जीव घरात.”

“आपल्या त्या तपासणीचे कागद,” कंपाउंडरकाका म्हणाले. “आत द्यायला हवे होते. विसरलात ना?”

मग तिघंही भाऊंकडे वळले. “तुम्हीच सांगा,” ताई म्हणाली. “तुम्हाला तिचं सगळं कळतं. तोंडातून शब्द निघायच्या आत कळतं.”

भाऊंच्या जिभेवर शेपटं तयार होती. एक सोडून चार, एकाहून एक बिनचूक. त्यांतलं एखादं म्हटलं असतं तर ताईचं समाधान झालं असतं, धाकटा खाली बसला असता, आणि बोळातली ती भयाण शांतताही जरा कमी झाली असती. भाऊंनी ती सगळी शेपटं गिळली.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “तिचं सांगून व्हायचंय अजून.”

आणि ते त्या मिटलेल्या दाराकडे तोंड करून उभे राहिले.